मार्गदर्शकाने हात लावू नये

रोबोटिक्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत शिरताना संघाबरोबर आलेल्या शिक्षकाच्या गळ्यात एक ओळखपत्र अडकवले जाते. त्यावर ठळक अक्षरांत ‘मार्गदर्शक’ असे छापलेले असते. त्याखाली ‘यास कशालाही हात लावू देऊ नये’ ही ओळ छापायची तेवढी राहून गेलेली असते. पण ती सर्वांना पाठ असते, आणि आमच्या संघातील मुलांना तर ती नियमपुस्तिकेतील कोणत्याही नियमापेक्षा अधिक चोख पाठ होती.

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझ्या यातनांचे मूळ तेथेच आहे. ज्या शिक्षकांना आणि पालकांना यंत्रांतले काहीच कळत नाही, ते या स्पर्धेत परम सुखी असतात. रोबो सरळ गेला की ते टाळ्या वाजवतात आणि भिंतीवर आदळला तरी टाळ्याच वाजवतात, कारण आदळणे हेच त्याचे काम असावे अशी त्यांची समजूत असते. मला मात्र बिघाड ओळखण्याइतके कळते आणि ओळखलेल्या बिघाडाकडे हात मागे बांधून पाहत राहावे लागते.

ही बंदी तशी खानदानी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांच्या यंत्ररचनेच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सामानाची पिशवी मिळत असे, आणि त्यातून जो तो स्वतःचे यंत्र बनवून इतरांशी झुंजवत असे. पुढे अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, फ्लॉवर्स तिच्यात सामील झाले आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आमची मुले ज्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या प्रकारात उतरतात, तो याच कुळातला. रोबो मुलांचा, म्हणून चुकाही मुलांच्याच, हे त्यामागचे तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. तत्त्वे सहसा स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत मान्य असतातच. आमच्या मुलांनी या तत्त्वाला स्वतःची एक पुरवणीही जोडली होती: सरांनी फक्त प्रश्न विचारावेत, उत्तर सुचवू नये. ही पुरवणी बहुमताने मंजूर झाली, आणि मतदान चालू असताना मला वर्गाबाहेर थांबवण्यात आले होते.

सकाळी पहिली पायरी तपासणीची. सामना सुरू होण्यापूर्वी रोबो लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी १८ इंचांत मावला पाहिजे. एकदा सामना सुरू झाला की मग त्या वर्षीचे नियम देतील तेवढ्या जागेत त्याने हातपाय पसरावेत. मापाची पेटी आमच्या रोबोवर उतरवली गेली, तीन कोपऱ्यांवर नीट बसली आणि चौथ्या कोपऱ्याशी अडली. वायरी आवळून बांधणाऱ्या एका झिप टायचे नखाएवढे शेपूट तेथे बाहेर डोकावत होते. कटर माझ्या खिशातच होता. माझा हात खिशाकडे वळला मात्र, आणि सगळ्या संघाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तो आपोआप डोके खाजवायला गेला. मुलांनी आपापसांत सल्लामसलत केली, कटर कोणाकडे दिला होता यावर बारीकसा वाद घातला, बॅगा उपसल्या, तो सर्वांत खालच्या बॅगेत सर्वांत खाली सापडला आणि शेपूट एकदाचे कापले गेले.

त्याच वेळी, रोबो टेबलावर कलता केलेला असताना, मला तो स्क्रू दिसला. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला मोटरच्या शाफ्टवर घट्ट धरून ठेवणारा, बिनडोक्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा ग्रब स्क्रू आपल्या भोकातून अर्धा बाहेर आला होता. सकाळच्या उजेडात तो चमकत होता आणि मला तर तो माझ्याकडे पाहून चमकत असल्यासारखा वाटला.

मी पुरवणीचे काटेकोर पालन करीत विचारले, “सगळे स्क्रू तपासले का?”

“हो सर.”

“चाकांचेसुद्धा?”

“चाकांचेसुद्धा, सर.” आणि मला तपासणीची यादी दाखवण्यात आली. तिच्यावर प्रत्येक ओळीपुढे सुरेख हिरवी खूण होती. ती आदल्या रात्री केलेली होती, एवढेच.

“प्रवासात एखादा सैल होऊ शकतो, असे तुम्हाला नाही का वाटत?”

“सर,” आमची कर्णधार अतिशय मायेने म्हणाली, “टेन्शन घेऊ नका.”

हे वाक्य ऐकल्यानंतर ज्याला टेन्शन येत नाही, असा मार्गदर्शक मी अजून पाहिलेला नाही.

परीक्षकांच्या खोलीत मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. वर्षभराच्या खटाटोपाचा अहवाल १५ पानांत कोंबलेला होता आणि मुलांनी त्याचे सादरीकरण इतके घोटले होते की एकाला मध्येच शिंक आली, तेव्हा दुसऱ्याने ती सादरीकरणाचाच भाग असल्याप्रमाणे पुढचे वाक्य उचलले. सगळे सुरळीत चालले असताना एका परीक्षिकाबाईंनी विचारले, “तुमच्या सरांचा या रोबोत नेमका वाटा कोणता?” मुले गप्प झाली. एकमेकांकडे पाहू लागली. पाठांतरात हा प्रश्न नव्हता. अखेर वायरिंग सांभाळणाऱ्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले, “ते आमच्यासोबत उभे असतात.” बाईंनी ते लिहून घेतले. त्या वाक्याला गुण मिळाले की गेले, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

सामने सुरू झाले. प्रत्येक सामना अडीच मिनिटांचा असतो. त्यातील पहिले ३० सेकंद रोबोने आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रामप्रमाणे आपल्याआप चालायचे आणि पुढची २ मिनिटे दोन चालकांनी गेमपॅडवरून त्याला चालवायचे. पहिल्या ३० सेकंदांत चालकांनी गेमपॅडला स्पर्शही करायचा नसतो. रोबो चुकीच्या दिशेने निघाला आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत असते, बोटे शिवशिवत असतात, पण हात आवरून उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. स्पर्धेतील हा भाग मला मनापासून आवडतो. माझा अख्खा दिवस तसाच जातो, हे मुलांच्या ध्यानात यावे एवढीच माझी अपेक्षा. ते अद्याप आलेले नाही.

पहिल्याच सामन्यात आमचा रोबो ठरलेल्या रेषेवर थांबण्याऐवजी वीतभर पुढे गेला आणि भिंतीला टेकून तेथेच चाके फिरवत राहिला. कारण मला बसल्या जागी कळले. या बॅटरीला १२ व्होल्टची म्हणत असले, तरी नुकती चार्ज केलेली असली की ती १३ च्या वर दाखवते आणि मोटरी जोमाने फिरतात. मुलांनी काही हालचाली सेकंदांच्या हिशेबाने लिहिल्या होत्या आणि त्या जुळवल्या होत्या आदल्या रात्री, दमलेल्या बॅटरीवर. मी प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला गाठून शक्य तितक्या निरागसपणे विचारले, “मोटरला मिळणारे व्होल्टेज आणि तिचा वेग यांचा काही संबंध असतो का रे?” तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “सर, तो धडा तुम्ही पुढच्या महिन्यात घेणार आहात.” काही वेळाने तो धावत आला आणि ताज्या बॅटरीमुळे रोबो कसा पुढे जातो, याचा स्वतः लावलेला शोध त्याने मला हातवारे करून समजावून दिला. मी पुरेसा चकित झालो. पुढच्या सामन्यापासून त्याने सेकंद सोडून चाकांचे फेरे मोजायला लावले आणि रोबो रेषेवर येऊन थांबू लागला.

मधल्या वेळात ‘स्काउटिंग’ चालते, म्हणजे प्रत्येक संघाची मुले वही घेऊन इतर संघांना त्यांच्या रोबोची कुंडली विचारत फिरतात. या चौकशीत मिळणारी उत्तरे खरी मानली, तर त्या सभागृहातील एकही रोबो कधी बंद पडलेला नव्हता. आमची मुलेही मागे नव्हती. “तुमचा हात वरच्या टोपलीपर्यंत पोहोचतो का?” या प्रश्नाला आमच्या चालकाने “सहज” असे उत्तर दिले, तेव्हा तो हात त्याच्या पाठीमागे टेबलावर तीन तुकड्यांत पडलेला होता.

दुपारी ध्वनिवर्धकावरून सूचना झाली की एका संघाला एन्कोडरची, म्हणजे चाकांचे फेरे मोजणाऱ्या उपकरणाची, केबल हवी आहे. आमची मुले आपली एकुलती एक जादा केबल घेऊन धावत सुटली. तो संघ पुढच्याच सामन्यात आमच्या विरुद्ध उतरणार होता आणि वेळापत्रक मुलांना तोंडपाठ होते. फ्लॉवर्स यांनी या स्पर्धांना ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’चा जो मंत्र दिला, त्याचा अर्थच असा की जिवाच्या आकांताने खेळावे आणि प्रतिस्पर्ध्याला मदतही तितक्याच आकांताने करावी. त्या संघाने आमच्या केबलच्या जोरावर आम्हाला हरवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात एरवीही रिकामेच होते, तेव्हा मीही वाजवल्या.

त्याचे फळ लगेच मिळाले. बाद फेरीसाठी अव्वल संघांचे कर्णधार आपापला साथीदार संघ निवडतात आणि त्यांची मिळून एक आघाडी होते. आलेले आमंत्रण नाकारले तर पुन्हा कोणीही बोलावू शकत नाही, त्यामुळे मैदानात उभ्या असलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसारखी कळा असते. केबल नेलेल्या संघाच्या कर्णधार मुलीने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि आमच्या संघाचे नाव पुकारले. आमच्या मुलांनी जो जल्लोष केला, तो ऐकून शेजारच्या मैदानावरचा सामना थांबला की काय, असे मला वाटले.

बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात तो स्क्रू पडला. आमच्या रोबोला मेकॅनम चाके आहेत. बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याची ही कल्पना: प्रत्येक चाकाच्या कडेने ४५ अंशांत तिरपे रोलर बसवलेले असतात आणि चारही चाके परस्परांच्या मेळाने फिरली, तर गाडी न वळता थेट आडवीही सरकते. ‘मेळाने’ हा शब्द महत्त्वाचा. चार चाकांपैकी एका चाकाचा शाफ्ट आत नुसताच गरगरू लागला आणि चाक ढिम्म राहिले, की आडवे सरकायला सांगितलेला रोबो कमान काढत भलतीकडे निघतो. आमचा निघाला तो थेट आमच्या साथीदार रोबोवर. पुढचा मिनिटभर दोघे एकमेकांच्या वाटेत उभे होते आणि प्रतिपक्ष निवांतपणे गुण गोळा करत होता.

पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागी, परतताच मुलांनी रोबो उताणा केला, कारण शोधले, नवा स्क्रू बसवला, तो पुन्हा सैल होऊ नये म्हणून त्यावर लॉकिंग द्रवाचा थेंब टाकला आणि उरलेले सगळे स्क्रूही आवळले. हे सारे त्यांनी मला एक शब्दही न विचारता आणि मी सांगितले असते त्याहून अधिक नीट केले. नंतरचा सामना आम्ही कोणत्याही बिघाडाविना, केवळ समोरचे संघ अधिक चांगले असल्यामुळे हरलो आणि दोन पराभवांनी आमच्या आघाडीचा खेळ आटोपला.

सामान आवरत असताना ती कर्णधार मुलगी केबल परत द्यायला आली. मी तिच्याकडे आमच्या चाकाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

“त्यात काय सर,” ती म्हणाली, “तो स्क्रू सकाळपासूनच बाहेर आला होता. आमच्या स्काउटिंगच्या वहीत पहिल्याच सामन्याची नोंद आहे.” तिने वही उघडून दाखवली. ‘डावे मागचे चाक, स्क्रू सैल’ अशी ओळ होती आणि तिच्याखाली दोनदा रेघ मारलेली होती.

“अगं, मग सांगायचे ना!”

“मी विचारले होते ना तुमच्या मुलांना, चाकांचे स्क्रू तपासलेत का म्हणून. ती म्हणाली, ताई, टेन्शन घेऊ नका.”