हजेरी नेमकी कोणाची घ्यायची?

मागच्या उन्हाळ्यात एका अर्जासाठी मला माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढावा लागला. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना आहे आणि त्यात शाईने 'चांगली' असे लिहिलेले आहे. माझ्या भावाच्या दाखल्यावरही 'चांगली'च आहे, आणि त्याला तर नववीत असताना दोनदा 'वडिलांना आणल्याशिवाय वर्गात बसायचे नाही' असे सांगून घरी धाडले होते. या रकान्यात दुसरा शब्द लिहिलेला दाखला मी आजवर पाहिलेला नाही. एका शब्दाने मुलाची पुढची वाट अडू नये, हा त्यामागचा भाव मला कळतो आणि आवडतोही; पण त्यामुळे विद्यार्थ्याचे वागणे ही लिहून ठेवण्याची गोष्टच उरत नाही. एखाद्या कानशिलात, टोमण्यात किंवा वर्गाबाहेर तासभर उभे करण्यात ते जागच्या जागी मिटवले जाते आणि कागदावर शेवटी सगळेच चांगले ठरतात.

माझा मुलगा इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत शिकतो. तिथे दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, हजेरी होते आणि प्रत्येक अर्ध्या दिवसापुढे एक ठरलेली खूण पडते: आजारपणाची वेगळी, उशिरा आल्याची वेगळी, परवानगीशिवाय न आल्याची वेगळी. मूल सकाळच्या हजेरीला नसेल आणि घरून काही कळवलेले नसेल, तर पालकांच्या मोबाइलवर विचारणा येते. वागण्याचीही अशीच नोंद होते. गृहपाठ आणला नाही, तासाला फोन वाजला, कोणाला मदत केली, हे सगळे तारीखवार पालकांना दिसते. पहिल्या वर्षी मला ही कैद्यांची वही वाटली होती. एकदा मात्र मुलाच्या नावावर अशा दिवसाची तक्रार चढली, ज्या दिवशी तो दाताच्या डॉक्टरांकडे होता. मी दोन ओळी लिहून पाठवल्या, शिक्षकांनी नोंद तपासली आणि काढून टाकली. नोंद कागदावर होती म्हणून ती खोडता आली. माझ्या भावाला मिळालेली थप्पड कोणत्या अर्जाने खोडता आली असती?

हे सारे आठवायचे कारण म्हणजे माहेरच्या आणि सासरच्या गटांवर सध्या चाललेला वाद. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट कडक करावी की नाही, आणि शाळांतून छडी गेल्यामुळे मुले हाताबाहेर गेली का, असे या वादाचे दोन धागे आहेत. दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने लिहितात, आणि वर्षातून एकदा विमानातून उतरणाऱ्या माझ्यासारखीला 'तुमच्याकडे कसे असते?' असे हमखास विचारले जाते. मराठीत 'हजेरी घेणे' याचे दोन अर्थ होतात: नावे पुकारून कोण आले ते पाहणे, आणि चांगली खरडपट्टी काढणे. घरच्या वादात दोन्ही अर्थांनी हजेरी घेतली जाते ती फक्त विद्यार्थ्याची. माझे म्हणणे एवढेच आहे की ती मोठ्यांची घेतली पाहिजे.

आधी आकडे पाहू. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष १९० दिवसांचे असते आणि ज्याचा त्यातला १० टक्के वेळ बुडतो, म्हणजे जो साधारण १९ दिवस येत नाही, तो 'सातत्याने गैरहजर' मानला जातो. आपल्याकडे २२० दिवसांची शाळा धरली, तर ७५ टक्क्यांच्या अटीत ५५ दिवस न येणारा मुलगाही नियमात बसतो. यावरून इंग्रज कडक आणि आपण ढिले, असा निष्कर्ष माझे मोठे दीर लगेच काढतात, पण तो बरोबर नाही, कारण दोन्ही आकड्यांची कामेच वेगळी आहेत. इथला आकडा वर्ष चालू असताना शाळेला सांगतो की या मुलाच्या घरी काहीतरी बिनसले आहे, जाऊन विचारा. आपला आकडा वर्ष सरत आल्यावर, परीक्षेच्या तोंडावर, मुलाला आत घ्यायचे की नाही ते ठरवतो. तोवर विचारण्याची वेळ निघून गेलेली असते आणि कोणाही सहृदय मुख्याध्यापकाला पोराचे वर्ष वाया घालवणे जड जाते, म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले जाते आणि प्रकरण संपते. शिवाय ज्याला शाळेत यायचेच नाही, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची अधिकृत वाट आहेच, आणि ती असलीही पाहिजे.

अकरावी-बारावी विज्ञानाचे तर बोलायलाच नको. माझा भाचा ज्या कनिष्ठ महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे, त्या महाविद्यालयाची पायरी तो प्रवेशानंतर प्रात्यक्षिकांपुरतीच चढला. बाकीचा सगळा दिवस क्लासमध्ये. 'इंटिग्रेटेड' असा सोज्वळ शब्द या व्यवस्थेला आहे. २०१८ साली राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच रोगावर इलाज म्हणून. पण ज्या गैरहजेरीला महाविद्यालय, क्लास आणि पालक या तिघांची संमती आहे, ती मुलाच्या अंगठ्याने कशी पकडायची? माझ्या बहिणीने दोन्हीकडचे शुल्क भरले आहे आणि तीच गटावर 'हल्लीच्या मुलांना शिस्त नाही' असे लिहिते. (ती हे वाचणार आहे, याची मला कल्पना आहे.)

हजेरीच्या कागदामागे नेहमी कोणाचा तरी हिशेब असतो, हे मला माझ्या धाकट्या नणंदेने समजावले. ती एका अनुदानित हायस्कुलात गणित शिकवते. पटावर किती मुले आहेत यावर संचमान्यतेत शिक्षकांची पदे ठरतात. पट घसरला की कोणीतरी 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेची वाट धरावी लागते. अशा स्थितीत महिनोन्महिने न आलेल्या मुलाचे नाव कमी करायला कोणाचा हात धजावेल? राज्यभर ऑक्टोबर २०११ मध्ये जी पटपडताळणी झाली, तिच्यात मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली, कारण तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाईल अशी भीती होती, आणि पटावरची कितीतरी नावे केवळ नावेच निघाली. 'वहिनी, आमच्याकडे पट सांभाळतात, मुलं नाही,' असे ती त्या दिवशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मी तिला सांगितले की इथे नेमके उलटे घडते. इंग्लंडमध्ये शाळेची पत परीक्षेच्या निकालावर आणि तपासणीच्या अहवालावर ठरते, म्हणून काही शाळा त्रासदायक किंवा मागे पडणाऱ्या मुलाच्या पालकांना गोड शब्दांत सुचवतात की याला घरीच शिकवलेत तर बरे होईल. पालक कंटाळून सही करतात आणि इथल्या अकरावीच्या, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाला होणाऱ्या, परीक्षेआधी मूल पटावरून गायब होते. याला इथे 'ऑफ-रोलिंग' म्हणतात. ते बेकायदा आहे आणि तरी चालते. आपल्याकडे नसलेली मुले पटावर राहतात, इथे असलेली मुले पटावरून उतरतात. नोंदवही काटेकोर असली म्हणजे ती प्रामाणिक असतेच असे नाही, हे मला परदेशात येऊन कळले.

आता छडीविषयी. 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो' हे वाक्य गटावर आठवड्यातून एकदा तरी येते, आणि त्याच्या मागोमाग 'हे पाश्चात्त्यांचे फॅड' हेही येते. वस्तुस्थिती अशी आहे की इथल्या सरकारी शाळांतली छडी १९८६ च्या कायद्याने गेली आणि संसदेत त्यावर मतदान झाले तेव्हा २३१ विरुद्ध २३० अशा अवघ्या एका मताने तो निर्णय झाला. त्याआधी १९८२ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने दाद मागणाऱ्या दोन स्कॉटिश मातांच्या बाजूने निकाल दिला होता. त्यांच्यापैकी एकीच्या मुलाने चामड्याच्या पट्ट्याचा मार घ्यायला नकार दिला म्हणून त्याची शाळाच जवळजवळ वर्षभर बंद झाली होती. खासगी शाळांतली छडी तर इंग्लंडमध्ये १९९९ पर्यंत टिकली. म्हणजे माझ्या वयाच्या इथल्या सहकाऱ्यांतही शाळेत छडी खाल्लेले लोक आहेत, आणि तेही 'आम्ही घडलो' असेच म्हणतात. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. या कायद्यातले 'बालक' ६ ते १४ वर्षांचे आहे. म्हणजे नववी-दहावीची मुले, ज्यांच्या वागण्यावरून हा सारा वाद पेटतो, ती बहुतेक त्या व्याख्येच्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी इतर कायदे आहेत, परंतु हायस्कूलच्या शिक्षकाला हे नेमके कोणी समजावून सांगितलेले नसते. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काय वापरायचे ते दिले नाही, ही माझ्या नणंदेची तक्रार मला रास्त वाटते. वर्गात ६५ मुले आहेत, समुपदेशक नाही आणि मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले आहेत. अशा वेळी तिने काय करावे, हे छडीविरोधी लेखांत कोणी लिहीत नाही.

इथे छडीच्या जागी निलंबन आले, आणि त्याला वेसण घातलेली आहे. मुलाला निलंबित करण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापकांना आहे. कारण पालकांना लेखी कळवावे लागते. एका शैक्षणिक वर्षात एकूण ४५ दिवसांपेक्षा अधिक निलंबन करता येत नाही. आणि ते पाच दिवसांहून लांबले, तर सहाव्या दिवसापासून मुलाच्या शिकण्याची पर्यायी सोय लावावी लागते. कायमचे काढले, तर शाळेच्या नियामक मंडळाला बसून त्या निर्णयाची छाननी करावी लागते. शिक्षा करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते, हा यातला भाग मला घरी न्यावासा वाटतो. मुलाला दिवसभर एकट्याला भिंतीकडे तोंड करून बसवणाऱ्या 'आयसोलेशन' खोल्या इथल्या अनेक शाळांत आहेत; त्या मात्र इथेच राहू द्याव्यात. आपण वर्गाबाहेर उभे करत होतो, तेव्हा निदान व्हरांड्यातून येणारा-जाणारा दिसत तरी होता.

दंडाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. सासरे गेले तेव्हा आम्ही तिघे शाळेचे दहा दिवस बुडवून भारतात आलो. मुख्याध्यापकांनी पाच दिवस 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून मंजूर केले आणि उरलेले पाच केले नाहीत. पाच दिवस म्हणजे दहा अर्धे दिवस, आणि ऑगस्ट २०२४ पासून देशभर लागू झालेल्या नियमानुसार दहा आठवड्यांत दहा अर्धे दिवस परवानगीविना बुडाले की दंडाचा विचार करणे भाग असते. घरी दोन नोटिसा आल्या, एक माझ्या नावे आणि एक नवऱ्याच्या नावे: २१ दिवसांत भरल्यास प्रत्येकी ८० पौंड, नाही तर १६०. या नोटिशीवर अपिलाची सोय नाही. भरायचे नसेल तर खटल्याला उभे राहायचे. आइल ऑफ वाइट बेटावरच्या एका वडिलांनी तसे केले होते आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल देताना सांगितले की 'नियमित हजेरी' म्हणजे शाळेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे हजेरी. आम्ही भरून टाकले. नियम सर्वांना सारखा आहे, हे मला मान्य आहे, पण सारखेपणाचा भार सारखा पडत नाही: ज्यांचे आजी-आजोबा तासाभराच्या अंतरावर राहतात त्यांना जे एका शनिवारी उरकते, त्यासाठी आम्हाला समुद्र ओलांडावा लागतो. आणि एवढे करून साधले काय? महासाथीपूर्वी इथे साधारण दहात एक मूल सातत्याने गैरहजर असे, नंतर ते प्रमाण पाचात एकाच्या आसपास गेले. दंडाने त्याला बांध घातला असे मला तरी दिसत नाही. जी मुले भीतीने, आजाराने किंवा घरातल्या कलहाने अंथरुणातून उठत नाहीत, त्यांच्या आयांना नोटीस पाठवून ती उठत नाहीत.

म्हणून 'तुमच्याकडे कसे असते' या प्रश्नाला मी आता असे उत्तर देते की इथला दंड घेऊ नका, इथली सकाळची विचारणा घ्या. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि आदेशही लागत नाही. नणंदेला मी आमच्या शाळेकडून येणाऱ्या संदेशाचा मजकूर पाठवला होता. तिने त्यातला 'अन्यथा कारवाई होऊ शकते' हा भाग काढला, उरलेले मराठीत केले आणि जूनपासून नववीच्या वर्गातल्या न आलेल्या प्रत्येकाच्या घरी पहिल्या तासानंतर स्वतःच्या फोनवरून पाठवायला लागली. बऱ्याच जणांनी उत्तर दिले नाही. दोघांनी 'गावाला गेलो आहोत' असे कळवले. तिसऱ्या दिवशी एका वडिलांचा उलट फोन आला, 'बाई, काहीतरी चुकतंय तुमचं, तो तर रोज दप्तर घेऊन वेळेवर घरातून निघतो.'