तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळू नका

लालबागला राहणाऱ्या माझ्या मावशीला सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तांब्याच्या भांड्यात रात्रभर लिंबूपाणी ठेवा, सकाळी उपाशीपोटी प्या. जंतू मरतात, मधुमेह आणि थायरॉईड बरे होतात. तांबं कितीही पोटात गेलं तरी बाधत नाही. हातात कडं घाला, सांधेदुखी जाते. मावशीने लिंबूपाणी करून घेतलं आणि सकाळभर उलट्या काढल्या. हा मेसेज अजून फिरतोच आहे.

आधी ते लिंबू. साध्या पाण्यात तांबं अगदी थोडं उतरतं. आंबटाचं तसं नाही. आम्ल आणि हवा दोन्ही मिळाली की तांब्याचे क्षार तयार होऊन पाण्यात उतरतात, आणि रात्रभर ठेवायचं म्हणजे त्यांना भरपूर वेळ द्यायचा. ताक किंवा चिंचेचं सार बिनकल्हईच्या भांड्यात कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. मुंबईतल्या तांबाकाटा या भांड्यांच्या बाजारातून स्वयंपाकाचं पातेलं आणलं की आधी आतून कथलाची कल्हई व्हायची, ती उगीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम ठेवली आहे, तीही मळमळ, उलट्या अशा पोटाच्या त्रासांचा विचार करूनच. आणि वयस्कर माणसांना हे उपाशीपोटी प्यायला सांगताय?

जंतूंचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली दाखवलं, की तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जीवाणू मरतात आणि उतरलेलं तांबं मर्यादेच्या बरंच आत राहतं. पण ते साधं पाणी होतं, लिंबूपाणी नव्हे. मधुमेह आणि थायरॉईडचा तर त्यात संबंधच नाही. त्या भरवशावर कुणी गोळ्या बंद केल्या तर जबाबदार कोण?

कड्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये संधिवाताच्या 70 रुग्णांवर चाचणी झाली, 2013 मध्ये निष्कर्ष आले. खरं कडं आणि नावापुरतं कडं यांत फरक दिसला नाही. आवडत असेल तर घाला, औषध म्हणून नको.

राहिलं 'कितीही गेलं तरी बाधत नाही'. निरोगी यकृत जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकतं. विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात हेच काम बिघडतं आणि तांबं यकृतात, मेंदूत साठत जातं. त्याची लक्षणं पुष्कळदा लहान किंवा तरुण वयातच दिसतात. अशा मुलाच्या घरी हा मेसेज पोचला, तर तांब्यातलं साधं पाणीसुद्धा त्याला देऊ नका.