गुलाबी सॅलड आणि चार पिशव्यांतले बोंबील

रविवारी दुपारी मी झुरे हारिंगची बरणी उघडली तेव्हा नवरा तिथेच ओट्यापाशी चहा करत उभा होता, आणि त्याने नाक मुरडलं नाही. पक्का शाकाहारी आहे तो, देशस्थ घरातला, फ्रिजचा खालचा कप्पा माझा आणि वरचे त्याचे असा आमचा लग्नापासूनचा करार आहे. पण या बरणीबद्दल कधी तक्रार नाही. लोणच्यासारखा वास येतो, म्हणतो. अरे मासा आहे तो, म्हटलं. असू दे की, म्हणाला आणि चहा गाळला.

झुरे हारिंग म्हणजे व्हिनेगरमधलं आंबट हारिंग. इथे नेदरलँड्सला कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, बरणीत कांद्याच्या चकत्या, मिरी, मोहरी आणि मधे चंदेरी सालीचे माशाचे तुकडे. हारिंग हा आपल्या तारली-पेडव्यांचा भाऊबंद, त्याच कुळातला, तसाच तेलकट. काटे असतात बारीक, पण व्हिनेगरमध्ये राहून इतके मऊ पडतात की दाताखाली कळतही नाहीत.

त्याचं सॅलड मी शिकले खालच्या मजल्यावरच्या डच आजींकडून. ऐंशी ओलांडलीय त्यांनी, मी त्यांना मेव्राउ, म्हणजे डचमधलं बाई, म्हणते आणि त्या मला माझ्या नावाने, उच्चार चुकवून, आता तो चुकलेला उच्चारच मला आवडायला लागलाय. त्यांच्याकडे हे वर्षाच्या शेवटी आणि वाढदिवसाला होतं. डच वाढदिवस म्हणजे सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचं, आधी कॉफी आणि केकचा एक तुकडा, मग पुष्कळ वेळाने कुरकुरीत टोस्टवर हे गुलाबी सॅलड. दक्षिणेत लिंबुर्खकडे कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारी हारिंग खातात, ख्रिस्ती उपवासाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे मासा हे तिथे उपवासाचं खाणं. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग आपल्याकडच्या एकादशीला काय हरकत होती, आणि स्वतःच हसली.

तर करायचं असं. तीन बटाटे उकडून गार करायचे, पूर्ण गार, गरम चिरलात तर लगदा होतो, मी पहिल्यांदा घाई केली आणि मॅश केलेली भाजी खाल्ली. दोन बीट, इथे उकडून सोललेले पाकिटात मिळतात, देवाची कृपा. एक आंबट सफरचंद, आजींच्या मते फक्त खाउदरेनेत नावाचं, बाकी सफरचंदं म्हणजे साखरेचं पाणी. दोन छोट्या आंबट काकड्या, बरणीतला थोडा कांदा, चार-पाच तुकडे हारिंग चांगलं निथळून. हे सगळं एकाच मापाचं चिरायचं, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि इथे आजी कडक, मोठा तुकडा दिसला की चमच्याने बाजूला काढतात आणि काही बोलत नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट. मग दोन-तीन चमचे मेयॉनीज, तेवढंच दही, बरणीतलं एक चमचा व्हिनेगर, मिरी. मीठ चाखून, कारण हारिंगमध्ये असतंच. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी उघडलं की बटाटा, सफरचंद, मासा, सगळं एकाच गुलाबी रंगाचं, कुठला तुकडा काय ते तोंडात गेल्याशिवाय कळत नाही. वरून उकडलेल्या अंड्याच्या फोडी. मी गुपचूप एक हिरवी मिरची घालते. आजींनी एकदा ती शोधून काढली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

हे फोटो मी डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकले आणि तिथेच चूक झाली. कारण त्या ग्रुपवर ऑगस्ट 2025 पासून एकच भांडण चालू आहे, मधे मधे थंड होतं आणि कुणीतरी फुंकर घालतं. 15 ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने चोवीस तास मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला होता, आधार 1988 च्या ठरावाचा, आणि मग राज्यभर गदारोळ, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारसुद्धा म्हणाले हे बरोबर नाही. त्याच्या आधी 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमधल्या शाकाहाऱ्यांसाठी राखीव टेबलांवरून झालं होतं, निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार दंड. आणि सोसायटीत मासे खाणाऱ्याला घर नाही हा विषय तर कायमचाच, कुणाच्या ना कुणाच्या भावाला अनुभव आलेला असतोच.

तर माझ्या फोटोखाली लगेच दोन पार्ट्या. एक म्हणाली, बघा, परदेशात कोणी कोणाच्या ताटात डोकावत नाही, शिका जरा. दुसरी म्हणाली, तुमचं यूरोपच आता मांस सोडायला निघालंय, हार्लेम शहरात मांसाच्या जाहिरातींवर बंदी आली माहितीये का. हार्लेमचं खरं आहे, 2024 पासून सार्वजनिक जागी तशा जाहिराती लावता येत नाहीत. पण ते हवामानासाठी, सोवळ्यासाठी नाही, आणि बंदी जाहिरातीवर आहे, खाटकाच्या दुकानाचं शटर कोणी खाली ओढलेलं नाही. प्राण्यांच्या बाजूने बोलणारा एक पक्ष इथल्या संसदेत 2006 पासून आहे, भांडतात, मतं मागतात, मिळतील तितकी घेतात. हे वेगळं आहे एवढंच म्हणायचंय मला.

पण पहिल्या पार्टीचं म्हणणं मला जास्त टोचलं, कारण ती माझी पार्टी.

डोकावतात हो. मी 2017 मध्ये पहिलं भाड्याचं घर बघायला गेले होते तेव्हा एजंटने हसून विचारलं होतं, तुम्ही इंडियन कुकिंग खूप करता का. जात विचारली नाही, आडनावावरून काही ओळखलं नाही, पण प्रश्न तोच होता, डोंबिवलीतला, फक्त इंग्रजीत. मी म्हटलं, नाही नाही, आम्ही पास्ताच खातो जास्त. आणि घर मिळालं. आता 2023 पासून इथे चांगल्या घरमालकीचा म्हणून कायदा आलाय, भाडेकरू कुठल्या निकषावर निवडला ते स्पष्ट ठेवायला लागतं, त्यामुळे असं तोंडावर विचारायला कचरत असतील. मला तेव्हा कायदा नव्हता, पास्ता होता.

आणि बोंबलाची गोष्ट तर राहिलीच. यूरोपच्या नियमाने बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, मासे मात्र स्वतःसाठी वीस किलोपर्यंत चालतात, सुकेसुद्धा. म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर सासूबाईंनी दिलेले पेढे बेकायदा आणि आईने दिलेले सुके बोंबील कायदेशीर. हे मी सासरी अजून सांगितलेलं नाही. तर दोन वर्षांपूर्वी मी बोंबील आणले आणि एका शनिवारी भाजले, खिडकी उघडून, दार लावून, उदबत्तीसुद्धा लावली. पण आमच्या बिल्डिंगला एकच सामायिक व्हेंटिलेशन, स्वयंपाकघरातली हवा सगळ्या मजल्यांच्या एकाच नळीतून वर जाते, स्वतःचा मोटरवाला हूड जोडायला मनाई. सोमवारी लिफ्टमध्ये कागद. फेफेएचा, म्हणजे इथली सोसायटीची कमिटी, घरमालकांचं मंडळ. सर्व रहिवाशांना विनंती, अलीकडे तीव्र वास जाणवत आहेत, कृपया व्हेंटिलेशनची काळजी घ्यावी. सर्व रहिवाशांना. लिफ्टमध्ये आम्ही चौघं होतो आणि तिघं कागदाकडे न बघता आपापल्या बुटांकडे बघत होते.

आता त्याच बिल्डिंगमध्ये जूनमध्ये काय होतं ते ऐका. आपल्याकडे जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि इथे नेमका तेव्हाच नवीन हारिंगचा सण, स्खेव्हेनिंगनच्या बंदरात पताका लावून, पहिल्या पिंपाचा लिलाव हजारो युरोंना, पैसे दानाला. हॉलंडसे निउवे म्हणतात त्याला, निदान 16 टक्के चरबी भरली असेल तरच ते नाव लावता येतं. हा मासा शिजवत नाहीत. कल्ले आणि आतडी काढतात, स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात, त्याच्या रसाने तो मिठात मुरतो, आणि जंत मरावेत म्हणून उणे 20 अंशाला चोवीस तास गोठवलेला असतो. मग शेपटी धरून, मान मागे टाकून, कच्चा, बारीक कांद्यात घोळून. लिफ्टमध्ये त्या दिवसांत कांदा आणि मासा असा एक वास असतो जो तुम्ही विसरू शकत नाही. कागद लागत नाही. लायडन शहरात तर 3 ऑक्टोबरला हारिंग आणि पांढरा पाव वाटतात, 1574 ला स्पॅनिश वेढा उठला त्याची आठवण, प्रसादच तो. प्रसादाला वास कसा येईल.

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं होतं, मोठ्या तावातावाने, की बघा, इथेही तेच, वास नाकाला कमी आणि मालकीला जास्त लागतो वगैरे, आणि मधेच थांबले. कारण आमच्याच घरातलं आठवलं. डोंबिवलीला रविवारी आमच्याकडे सुरमई, पापलेट, कोळंबी, आई मासे घ्यायला स्वतः जायची आणि बांगडा आणला की आत्या म्हणायची, आज काय बजेट कमी का. आणि सुकट घरात यायची नाही. खायचो आम्ही, नाही असं नाही, पण मामाकडे गावी. घरी नको, वास येतो, लोक काय म्हणतील. आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या काकूंच्या डब्यात कधी कधी सुकट-भाकरी असायची तर आत्याने त्यांना सांगितलेलं, डबा खाली जिन्यात बसून खा. मी आठवी-नववीत असेन. काकू जिन्यात बसायच्या आणि मी शाळेतून येताना त्यांच्या बाजूने पाय उचलून वर जायचे. कधी कधी त्या म्हणायच्या, खातेस का गं घासभर. मी नाही म्हणायचे, आणि तोंडाला पाणी सुटलेलं असायचं.

मासे खाणाऱ्यांना घर देत नाहीत म्हणून आम्ही भांडतो ते बरोबरच आहे, आणि 15 ऑगस्टचा तो आदेश मला आजही मूर्खपणाचा वाटतो, कोणी कुठल्या दिवशी काय खावं हे महापालिकेचं काम नाही, कचरा उचला आधी. पण आमच्या त्या भांडणात जिन्यातल्या काकू कुठेच नसतात. ग्रुपवर सगळे पापलेटवाले आहेत, मी धरून. मी हे टाकलं तर आत्याची मुलगी आहे त्याच ग्रुपवर.

शेवटी फक्त रेसिपी टाकली. नऊ अंगठे आले आणि एकाने विचारलं, हे इगलेस होईल का.

संध्याकाळी वाडगाभर सॅलड खाली आजींकडे नेलं. त्यांनी उभ्या उभ्याच एक चमचा खाल्ला, सफरचंद जरा मोठं चिरलंयस म्हणाल्या, आणि मग एकदम विचारलं की मागे एकदा तू काहीतरी भाजलं होतंस, शनिवारी, लाकडाच्या धुरासारखा वास आलेला, ते काय होतं. मी म्हटलं, सॉरी मेव्राउ, तो कागद लागला होता ना. त्या म्हणाल्या, कागदाचं मला माहीत नाही, चष्म्याशिवाय मी लिफ्टमधलं काही वाचत नाही, मला वडिलांची आठवण आली, ते हारिंग धुरावायचे मागच्या अंगणात.

उरलेले बोंबील तळघरातल्या आमच्या स्टोअररूममध्ये आहेत, चार पिशव्यांत गुंडाळून, सायकलींच्या मागे. या शनिवारी त्यांच्याकडेच भाजायचं ठरलंय. व्हेंटिलेशन मात्र त्यांचंही तेच आहे.