ओट्यामागची भिंत आणि ‘एका दिवसात नव्या टाइल्स’चा दावा

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाविषयी एक संदेश व्हॉट्सॲपवर बराच फिरतो आहे. ओट्यामागच्या जुन्या टाइल्स फोडू नका, त्यांवर छन्नीने टाचे मारा, तेलकटपणा ॲसिडने धुऊन काढा, रात्रभर भिंत भिजवा आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटने नव्या टाइल्स चिकटवून मोकळे व्हा, असा त्याचा आशय आहे. तोडफोड नाही, धूळ नाही आणि खर्चही कमी, म्हणून तो लोकांना पटतो. परंतु त्यातला पहिला सल्ला जेमतेम अर्धा खरा आहे आणि उरलेले नुकसान करणारे आहेत.

टाइलवर टाइल लावता येते, हे खरे आहे. मात्र जुनी टाइल भिंतीला घट्ट धरून असली तरच, आणि ती तशी आहे की नाही हे तपासायला हा संदेश सांगतच नाही. प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी. ठणठणीत आवाज आला तर ती पक्की आहे, बदबद आवाज आला तर मागे पोकळी आहे. एखाद-दुसरी पोकळ निघाली तर तेवढी काढून खड्डा भरता येतो, पण जागोजागी तोच आवाज येत असेल तर सगळ्या टाइल्स काढून खालच्या गिलाव्यापर्यंत जाण्याला पर्याय नाही. ८ मिलिमीटर जाडीच्या टाइलचे वजन एका चौरस मीटरला सुमारे १६ ते १८ किलो भरते आणि हा सगळा नवा भार त्या सैल थरावर लटकणार असतो. शिवाय नवी टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून भिंत सव्वा-दीड सेंटिमीटर पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्डचे डबे आत जातात आणि भिंतीतल्या नळाला जोडतुकडा लावावा लागतो. मिस्त्रीशी हे आधीच बोलून घ्यावे.

टाचे मारण्याचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. काँक्रीटवर टाचे मारतात ते योग्यच आहे, कारण ते घाव सोसते. चकचकीत टाइलवर छन्नीचे घाव बसले की आतापर्यंत पक्की असलेली टाइलही मागून सुटू लागते. त्याऐवजी ग्राइंडरने वरची चकाकी खरवडावी, किंवा अशा पृष्ठभागासाठी मिळणारा प्रायमर लावावा.

ॲसिडविषयी तर स्पष्टच सांगायला हवे. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचे तेल ॲसिडने निघत नाही. ते सांध्यांतले सिमेंट खाते आणि त्याच्या वाफेने स्टीलच्या सिंकवर डाग पडतात. तेलाला सोडा लागतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासावे, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे आणि वाळल्यावर बोट फिरवून पाहावे. बोट चिकट लागले तर पुन्हा धुवावे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते सिमेंटच्या हट्टामुळे. जुन्या सिरॅमिक टाइल्स सच्छिद्र होत्या, पाण्यात भिजवून लावल्या की सिमेंट त्यांच्यात शिरून पकड घेई. आजच्या व्हिट्रिफाइड टाइल्स स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाहीत; तिथे सिमेंटला शिरायला जागाच नसते. आमच्या घरी शेगडीमागची अशी एक टाइल ओट्यावर येऊन पडली, तेव्हा तिच्या पाठीला सिमेंटचा कणही नव्हता आणि भिंतीवर मात्र तिच्या पाठीवरच्या चौकड्यांचा ठसा जसाच्या तसा उमटलेला होता. यासाठी टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे सिमेंटमध्येच पकड वाढवणारे घटक मिसळलेली तयार पूड, वापरावे. आयएस १५४७७ या भारतीय मानकात त्याचे प्रकार दिलेले आहेत, आणि टाइलवर टाइल लावायची असल्यास पिशवीवर तसा स्पष्ट उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावे. ॲडहेसिव्ह पाणी धरून ठेवते, म्हणून रात्रभर भिंत भिजवण्याची गरजच उरत नाही.

ज्या गोष्टीवर संदेश पूर्ण गप्प आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी दोन फुटांपर्यंत असलेल्या टाइल्स आता लोक वरच्या कपाटांपर्यंत नेतात. तिथे जुन्या टाइलच्या वरची भिंत पुट्टी आणि रंगाची, आणि अनेक नव्या इमारतींत जिप्सम प्लास्टरची असते. पुट्टीचा पातळ थर टाइलचे वजन पेलत नाही, म्हणून तो गिलावा दिसेपर्यंत खरवडावा लागतो. जिप्सम ओला राहून सिमेंटशी संपर्कात आला तर दोघांच्या संयोगाने फुगणारे क्षार तयार होतात आणि टाइल सुटते. त्यामुळे तिथे जिप्सम काढून सिमेंटचा गिलावा करावा, हे मला अधिक सुरक्षित वाटते. काम सुरू करण्यापूर्वी वीज मुख्य स्विचवरून बंद करावी, कारण ओट्यामागच्या भिंतीतूनच तारा गेलेल्या असतात.

राहिला एका दिवसाचा दावा. नव्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते, नंतर तो वाळू द्यावा लागतो, आणि टाइल लावल्यावर सांधे भरण्याआधी साधारण एक दिवस थांबावे लागते. गिलावा करावा लागला नाही तरी धुणे, वाळवणे, टाइल लावणे आणि सांधे भरणे यांत तीन-चार दिवस जातातच. तेवढे दिवस आम्ही जेवणाच्या टेबलावर विजेची शेगडी मांडून स्वयंपाक केला.