टॅब घ्यायचा तरी कोणता?

पोरगी अकरावी सायन्सला गेली, तिला टॅब पाहिजे. दोन आठवड्यांपासून वहीत रकाने आखून बसलो आहे, आणि रोज रात्री तेच. आयपॅड, गॅलॅक्सी टॅब, रेडमी पॅड. सगळ्यांच्या ठळक किमती वाय-फायवाल्या मॉडेलच्या. अरे, आमच्या गावात वाय-फाय आहे कुठं? मोबाइलची रेंजही गच्चीवर चढून शोधावी लागते. सिमवाला घ्यायचा तर किंमत हजारोंनी चढते, आणि यवतमाळला दुकानात मागितला की, "ऑर्डर द्या, आठ दिवस लागतीन."

रॅमचं, म्हणजे टॅब चालताना कामाला लागणाऱ्या मेमरीचं, तर विचारूच नका. एका खोक्यावर मोठ्या अक्षरात '८ जीबी', खाली मुंगीएवढ्या अक्षरात ४ अधिक ४. ते मागचे ४ म्हणजे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले! ही सरळ फसवणूक आहे. आयपॅडमध्ये मेमरी कार्ड बसतच नाही, स्क्रीनवर लिहायच्या पेन्सिलचे पैसे वेगळे.

आणि उन्हाचं कोणी बोलतच नाही. ॲपल स्वतः सांगते, आयपॅड ० ते ३५ अंशात वापरा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ गाठतो, लाइन गेलेली असते, आणि पोरगी टिनाखाली अभ्यासाला बसते. हा रकाना कोणत्याच तुलनेत का नसतो?

काल ती म्हणाली, "बाबा, राहू द्या ना, मोबाइलवरच पाहतो मी." त्या मोबाइलच्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला आहे. रसायनशास्त्राची समीकरणं नेमकी त्याच्याखाली येतात, आणि ती मान वाकडी करून वाचते.