नकली चिप आणि नुकसानाचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. भांडुपच्या एका औद्योगिक गाळ्यात डिझेल गाड्यांसाठी परफॉर्मन्स चिप, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी, तयार करणाऱ्या लहान उद्योजकाविषयी मी लिहिले होते आणि त्याचा प्रोग्रॅम उतरवून विकल्या जाणाऱ्या नकलांमुळे त्याचा धंदा कसा खचला, हे त्यात मांडले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. जो स्वतःच गाडी उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ढवळाढवळ करतो, त्याने चोरीची तक्रार करू नये. स्वस्त नक्कल घेणाऱ्याने महागडी मूळ वस्तू कधीच घेतली नसती, म्हणून हे नुकसान कागदावरचेच आहे. आणि प्रोग्रॅमला पक्के कुलूप न लावणे हा त्याचाच निष्काळजीपणा आहे. शेवटी, त्याने किंमत उतरवावी म्हणजे नकला आपोआप थांबतील, असेही आपण सुचवले आहे.

पहिला आक्षेप रीमॅपिंगला, म्हणजे गाडीच्या मूळ सॉफ्टवेअरमधले आकडे बदलण्याला, लागू पडतो. त्यात गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीतून) ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, मूळ फाइल वाचून घेतात आणि तिच्यातले इंधनाचे, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या भागाच्या) दाबाचे, टॉर्कच्या (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या) मर्यादेचे आकडे बदलून ती परत लिहितात. तेथे उत्पादकाच्या हक्काचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. हा उद्योजक मात्र ईसीयूमधील प्रोग्रॅमला हात लावत नाही. त्याची पेटी कॉमन रेलमधील (इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीतील) दाब मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसते आणि दाब प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी असल्याचे पुढे कळवते, त्यामुळे ईसीयू तो वाढवतो. कोठे किती कमी दाखवायचे आणि कोठे अजिबात लुडबुड करायची नाही, हा तक्ता व तो चालवणारा प्रोग्रॅम त्याचा स्वतःचा आहे. अशा पेटीने वॉरंटी धोक्यात येते, धूर वाढू शकतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण तो गाडीमालक, उत्पादक आणि आरटीओ यांच्यातला मामला झाला. त्यातून तिऱ्हाइताला नक्कल करण्याचा हक्क कसा मिळतो, हे आपण सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर उतरवून घेतलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तो असता, तर मी फारसा वाद घातला नसता. येथे मात्र नकली पेटी विकत घेतो तो गॅरेजवाला, आणि तो ती गिऱ्हाइकाला मूळ पेटीच्या आसपासच्या किमतीत बसवून देतो. म्हणजे ज्याने पैसे दिलेच नसते असे आपण म्हणता, त्या गाडीमालकाने पैसे मोजलेले असतात. फक्त ते ज्याने काम केले त्याच्याकडे न जाता दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतात.

त्यातही पेटीतली महाग गोष्ट कोणती, हे पाहावे लागेल. मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप), सर्किट बोर्ड आणि प्लॅस्टिकचे खोके मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कोणालाही मिळते. खर्च होतो तो तक्ता जमवण्यात. प्रत्येक मॉडेलची गाडी मिळवायची, डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तासागणिक भाडे भरून ती चालवायची, मे महिन्यात भरल्या गाडीने बोरघाट चढताना एक्झॉस्टचे तापमान कोठवर जाते ते पाहायचे आणि मग आकडे पुन्हा खाली आणायचे. नक्कल करणारा यातले काहीच करत नाही; बरोबर तेवढाच भाग तो फुकट उचलतो.

आता एक ठोस उदाहरण देतो. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन आपल्याकडे अनेक गाड्यांमध्ये होते. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएसचे (पीएस हे इंजिनाच्या शक्तीचे एकक) आणि साध्या टर्बोचे होते, तर एर्टिगामध्ये ९० पीएसचे आणि व्हेरिएबल जिओमेट्री टर्बोचे, म्हणजे ज्याच्या पात्यांचा कोन गरजेप्रमाणे बदलतो अशा टर्बोचे. इंजिनाचे घराणे एकच असले, तरी एकीचा तक्ता दुसरीला चालेलच असे नाही. मूळ पेटी गाडी विचारून दिली जाते, नकली पेटी मात्र प्लग बसला की बसवली जाते. नंतर गाडी धूर ओकू लागली किंवा इंजिनाचा दिवा पेटला की मालक पेटीवरचे नाव वाचून भांडुपला फोन करतो. अशा पेट्या उघडल्यावर त्या सगळ्यांत एकच अनुक्रमांक निघाला, कारण ज्या एका पेटीवरून प्रोग्रॅम उतरवला, तिचा अनुक्रमांकही त्याबरोबर जसाच्या तसा गेला होता. त्याने स्वतः न विकलेल्या मालाच्या तक्रारी निस्तरण्यात जाणारा वेळ आणि गमावलेली पत आपल्या हिशेबात कोठेच धरलेली नाही.

कुलपाविषयी थोडक्यात. मायक्रोकंट्रोलरमधील प्रोग्रॅम वाचता येऊ नये अशी सोय असते, ती त्याने वापरलीही होती. स्वस्त चिपमधली ती सोय फोडणारे असतात, एवढेच. एखाद्याने पेटीत जाणारा आणि तिच्यातून येणारा सिग्नल मोजून, अभ्यास करून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला असता, तर मी त्याला चोर म्हटले नसते. स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायदा, १९५७ संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण देतो, तसेच कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिच्या अभ्यासाची मुभाही देतो. त्याच कायद्याचे कलम ६३ब मात्र बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगते. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. ही सवलत गाडीमालकाला कदाचित मिळेल. गॅरेजवाल्याला ती मागणे कठीण जाईल. अर्थात दोन माणसांच्या गाळ्याने वकिलाची फी कोठून भरायची, हा प्रश्न उरतोच, आणि नक्कल करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो.

राहिली किंमत उतरवण्याची सूचना. चाचणीचा खर्च जितक्या पेट्या खपतील तितक्यांवर वाटला जातो. खप नकलांनी खाल्ला की प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या वाट्याचा भार वाढतो आणि किंमत उतरण्याऐवजी चढते. नक्कल करणाऱ्याला हा खर्च मुळातच नसल्यामुळे मूळ पेटी कितीही स्वस्त केली, तरी तो तिच्याखाली विकू शकतो. हाच हिशेब मांडून त्या उद्योजकाने नव्या मॉडेलांच्या चाचण्या बंद केल्या आहेत आणि सध्या तो फक्त जुन्या, आधीच तक्ता तयार असलेल्या गाड्यांच्या पेट्या विकतो.