पाणी आले की आधीचे ओतून देणाऱ्यांसाठी

आज पहाटे नळाला पाणी सुटले आणि आमच्या गल्लीत नेहमीचा प्रकार सुरू झाला. समोरच्या ताईंनी अंगणातले निळे पिंप आडवे केले, त्यात उरलेले निम्मे स्वच्छ पाणी गटारात सोडून दिले, पिंप घासले आणि पुन्हा काठोकाठ भरले. पाणी जायला अवकाश होता, म्हणून नळी लावून फाटकासमोरचा डांबरी रस्ताही धुतला. रस्ता! मी विचारले तर म्हणाल्या, "शिळे पाणी कशाला ठेवायचे, वहिनी?" जे पाणी आपल्या सोलापूरला पुरवणाऱ्या उजनी धरणात गेल्या पावसाळ्यापासून साठलेले आहे, ते आपल्या पिंपात चार दिवसांत शिळे कसे होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

माझ्या सासूबाई मंगळवेढ्याकडच्या कोरडवाहू गावातल्या. 1972 च्या दुष्काळात त्या विहिरीच्या तळाशी उतरून, झिरपून साचलेले पाणी वाटीवाटीने घागरीत भरत असत. पुढे सोलापुरात घरात नळ आला, तरी त्यांची ती वाटी सुटली नाही. तांदूळ धुतलेले पाणी पातेल्यात धरायचे आणि कढीपत्त्याच्या आळ्यात ओतायचे, तेही ऊन उतरल्यावर. मी नवी होते तेव्हा भर दुपारी ओतायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातून पातेले काढून घेतले होते.

उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या दारांतून बाहेर न येणारे तळाचे पाणी आहे, हे सोलापुरात लहान मुलेही सांगतील. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीच्याही बरेच खाली गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पाऊस पडताच नळ्या पुन्हा रस्त्यावर सोडल्या. आता कोणी म्हणेल, उसाला किती पाणी जाते ते बघा, रस्त्याखालच्या फुटक्या जलवाहिन्या बघा. मान्य आहे, आमच्या पिंपापेक्षा तिथे कितीतरी अधिक पाणी जाते. परंतु त्यामुळे आपले पिंप गटारात रिकामे करण्याची मुभा मिळते, असे मला वाटत नाही.

डासांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. डेंग्यूचा डास प्रामुख्याने साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणूनच आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करायला सांगतात. जरूर करावे. पण ते पाणी बादलीने झाडांना घालावे. मातीत पडलेल्या अळ्या पाण्याविना मरतात. एरवी पिंपाच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याचे फडके घट्ट बांधले, तर डासाला आत शिरायला वाव राहत नाही.

घरात करण्यासारखे आणखी बरेच आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली एक लिटरची बाटली, आतल्या यंत्रणेला अडणार नाही अशी उभी ठेवली, की प्रत्येक वेळी तेवढे पाणी वाचते. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी संडासाला किंवा फरशीला पुरते. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी भांडी विसळायला चांगले, झाडांना मात्र रोज घालू नये, कारण त्यात क्षार अधिक असतात आणि आपल्या काळ्या मातीत ते साचून राहतात. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बिघडला असेल तर तो आजच बदलावा. आमच्या इमारतीत मोटर चालू ठेवून माणसे मालिका बघत बसतात आणि टाकी भिंतीवरून ओघळत राहते, हे बघून जीव कासावीस होतो.

बागेबद्दल तर मी तासभर बोलू शकते. आपल्याच जिल्ह्यातला डाळिंबवाला शेतकरी ठिबकवर बाग जगवतो आणि आपण शहरात जास्वंदीच्या चार झाडांवर नळीने कारंजे उडवतो! खोडाभोवती आळे करावे, त्यावर पालापाचोळा किंवा उसाचे पाचट चार बोटे पसरावे, पाणी सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर घालावे. बिनचकाकीचे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवले, तर त्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे ते शोधत येतात. माझी तोंडली गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मडक्यावर तगली. सासूबाई असत्या तर मडक्याचे तोंड झाकले आहे का, एवढेच त्यांनी विचारले असते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. समोरच्या ताईही काही वाईट नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनीच घागरी भरून दिल्या होत्या. त्यांच्या घरी त्यांना कोणी वाटीने पाणी भरताना दिसले नसेल, इतकेच.

आपल्याकडे पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर. तरीही 100 चौरस मीटरच्या गच्चीवर त्याचे सुमारे 50,000 लिटर होतात, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता 40,000 तरी धरा. हे सगळे आज आमच्या इमारतीच्या पन्हाळीतून थेट रस्त्यावर जाते. रविवारी सोसायटीची बैठक आहे. गच्चीचे पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडण्याचा विषय मी मांडणार आहे, आणि कोणी खर्चाचे कारण पुढे केलेच, तर मे महिन्यातल्या टँकरच्या पावत्या मी फाईलला लावून ठेवलेल्या आहेत.